आजारी लेकराशेजारचे दुसरे लेकरू
खाण्याचे विकार आणि भावंडांचे मनःस्वास्थ्य : एक अभ्यास

घरात एक मूल दीर्घकाळ आजारी असले म्हणजे साऱ्या घराचे डोळे त्याच्याकडे लागतात, आणि ते योग्यच आहे. परंतु त्याच घरात बहुधा आणखी एक मूल असते. ते वेळेवर शाळेत जाते, स्वतःचे दप्तर स्वतः भरते, कशाचा हट्ट करीत नाही. पाहुणे आले म्हणजे आई सांगते, "ह्याचा आम्हाला काही त्रास नाही." प्रस्तुत लेख या त्रास न देणाऱ्या मुलाविषयी आहे.

तरुण मुलामुलींना होणाऱ्या खाण्याच्या विकारांविषयी आपल्याकडे अलीकडे थोडेफार बोलले जाऊ लागले आहे. त्यांच्या भावंडांविषयी मात्र कोणी फारसे बोलत नाही. बारामती आणि इंदापूर तालुक्यांतील आपल्या कुटुंबांची राहणी, कामाच्या वेळा आणि उपचाराच्या सोयी ध्यानात घेऊन हा विषय सोप्या शब्दांत मांडण्याचा आमचा प्रयत्न आहे. हा लेख डॉक्टरांच्या सल्ल्याची जागा घेऊ शकत नाही. पण डॉक्टरांकडे केव्हा जावे आणि घरात कसे वागावे हे समजण्यास त्याची मदत व्हावी, एवढीच अपेक्षा आहे.

१. खाण्याचे विकार म्हणजे काय?

खाण्याचे विकार हे मनाचे आजार आहेत व त्यांचा मारा शरीरावर होतो. यांतील मुख्य प्रकार तीन. पहिला ॲनोरेक्सिया. यात रुग्ण खाणे सतत कमी करीत जातो, वजन धोकादायक रीतीने उतरते, तरीही आपण जाड आहोत असे त्याला वाटत राहते. १८७३ साली लंडनचे डॉ. विल्यम गल आणि पॅरिसचे डॉ. शार्ल लासेग या दोघांनी स्वतंत्रपणे या आजाराचे वर्णन केले. दुसरा बुलिमिया. यात एका वेळी भरमसाट खाल्ले जाते आणि मग ते अन्न उलटून काढणे किंवा उपास करणे असे चक्र चालू राहते. त्याचे वर्णन १९७९ साली लंडनचे डॉ. जेराल्ड रसेल यांनी केले. यातील रुग्णाचे वजन पुष्कळदा नेहमीसारखेच असते, म्हणून घरच्यांना पत्ता लागत नाही. तिसरा प्रकार म्हणजे ताबा सुटून खाणे. याला अमेरिकन मानसोपचार संघटनेने २०१३ साली स्वतंत्र आजार म्हणून मान्यता दिली.

हे आजार मुलींमध्ये अधिक दिसतात; पण मुलांनाही होतात. सुरुवात बहुधा वयात येण्याच्या सुमारास किंवा कॉलेजच्या पहिल्या वर्षांत होते. कारण एकच नसते. आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे, हे जुळ्या भावंडांच्या अभ्यासांतून दिसून आले आहे. त्यात अति काटेकोर स्वभाव, रंगरूपावरून होणारी चेष्टा, परीक्षेचा ताण आणि वजन कमी करण्यासाठी सुरू केलेला उपास यांची भर पडते. आई-वडिलांनी नीट वाढवले नाही म्हणून हा आजार होतो, ही समजूत चुकीची आहे. तितकीच चुकीची समजूत म्हणजे हे पोरीचे नखरे आहेत ही. मनाच्या आजारांपैकी ज्यांत मृत्यूचे प्रमाण सर्वाधिक आहे, त्यांत ॲनोरेक्सियाची गणना होते.

२. आपल्या भागात हा आजार ओळखू का येत नाही?

आपल्या आजी-आजोबांनी १९७२ चा दुष्काळ पाहिला आहे. इंदापूर आणि बारामतीच्या जिरायती पट्ट्यात त्या वर्षी माणसे दुष्काळी कामांवर खडी फोडत होती आणि सुकडीवर दिवस काढत होती. त्याही आधी गावकुसाबाहेरच्या आपल्या वस्त्यांना भूक नवी नव्हती. ज्या घराने भाकरीसाठी एवढे सोसले, त्या घरात भरल्या ताटावरून नात उठून जाते, तेव्हा आजीला तो आजार वाटत नाही; तिला तो अन्नाचा आणि कष्टाचा अपमान वाटतो. आजीचे दुःख खरे आहे. परंतु त्या दुःखातून निघालेला शब्द आजारी मुलीला आणि तो ऐकणाऱ्या तिच्या भावंडाला, दोघांनाही लागतो.

दुसरे कारण असे की अशक्त मुलगी आपल्याकडे वेगळी दिसतच नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४ टक्के स्त्रियांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आढळले. त्यामुळे मुलगी चक्कर येऊन पडली, तिची पाळी बंद झाली, तरी "अशक्तपणा आहे" असे म्हणून एक सलाईन आणि टॉनिकची बाटली यावर भागवले जाते. ही मुलगी का जेवत नाही, हा प्रश्न विचारलाच जात नाही. शिवाय आपल्या देशातील काही रुग्ण "मला जाड व्हायचे नाही" असे बोलून दाखवीत नाहीत. पोट दुखते, भूक नाही, अन्न जात नाही, असे सांगतात. पाश्चात्त्य पुस्तकांतील वर्णनाशी हे जुळत नाही, म्हणूनही निदान लांबते.

तिसरे कारण उपासाचे. उपास हा आजार लपवण्याचा सोपा पडदा ठरतो. आपल्या घरांत वर्षावासात अष्टशील पाळणारी मंडळी असतात, मध्यान्हानंतर भोजन घेत नाहीत. निरोगी माणसाने समजून केलेल्या या व्रताविषयी आमचे काही म्हणणे नाही. परंतु वजन उतरत असलेली मुलगी अचानक उपोसथाचा आग्रह धरू लागली, तर पालकांनी सावध व्हावे. सिद्धार्थ गौतमाने देह कष्टवणारी उपासमार करून पाहिली, शरीराचा सापळा झाला, तेव्हा तो मार्ग निरर्थक म्हणून सोडून दिला आणि अन्न घेतले, ही कथा आपल्या प्रत्येक घरात ठाऊक आहे. त्या वेळी बरोबरचे पाचजण त्याला सोडून गेले, हेही आपण वाचतो. उपाशी राहणे म्हणजे मोठेपण, ही समजूत किती जुनी आहे, ते यावरून दिसते.

३. उपासमारीने स्वभाव बदलतो

भावंडांना सर्वांत जास्त कोडे पडते ते हे की, "आमची ताई अशी नव्हती, मग ती अशी का वागते?" याचे उत्तर एका जुन्या प्रयोगात सापडते. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ मध्ये, अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात डॉ. अँसेल कीज यांनी ३६ निरोगी तरुण स्वयंसेवकांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवले. युद्धाने उपाशी पडलेल्या लोकांना पुन्हा अन्नावर कसे आणावे, हे त्यांना शोधायचे होते. या तरुणांना मनाचा कोणताही आजार नव्हता. तरीही अन्न कमी झाल्यावर ते चिडचिडे झाले, उदास झाले, मित्रांपासून दूर राहू लागले. त्यांच्या डोक्यात सतत अन्नाचे विचार चालत. कोणी पाककृतींची पुस्तके जमवू लागला, कोणी ताटातले अन्न तासन्‌तास चिवडत बसू लागला.

तात्पर्य असे की, ताईचा संताप, तिचे खोटे बोलणे, ताट चिवडणे, एकटे बसणे यांतील पुष्कळसा भाग उपाशी मेंदूचा आहे. वजन सावरले की स्वभावही हळूहळू सावरतो. ही एक गोष्ट भावंडाला नीट समजावली, तरी त्याच्या मनावरचे निम्मे ओझे उतरते. "ताई वाईट झाली" आणि "ताई आजारी आहे" या दोन वाक्यांत फार मोठे अंतर आहे.

४. भावंडांच्या मनावर होणारे परिणाम

या विषयावर निरनिराळ्या देशांत भावंडांशी बोलून जे अभ्यास झाले, त्यांत काही गोष्टी पुन्हा पुन्हा आढळतात. आपल्या घरांतही त्या ओळखीच्या वाटतील.

(अ) मागे पडल्याची भावना. दवाखान्याच्या फेऱ्या, औषधांचा खर्च, प्रत्येक जेवणाला होणारी रडारड यांत आई-वडिलांचा सगळा जीव जातो. बारामतीहून पुणे सुमारे १०० किलोमीटर, तर इंदापूरहून त्याहून लांब. तपासणीसाठी पुण्याला जायचे म्हणजे पहाटेची एस.टी. आणि रात्री परत. त्या दिवशी धाकटा मुलगा शेजारी जेवतो, शेजारीच झोपी जातो. त्याला नव्वद टक्के गुण पडले तरी घरात कोणाला आनंद करण्याची उसंत नसते. त्याची तक्रार नसते, कारण तक्रार करायची लाज वाटते.

(आ) अपराधीपणा. "मी तिला जाडी म्हणून चिडवले होते, म्हणूनच तिने जेवण सोडले," असे भावाच्या मनात घर करून बसते. चिडवणे वाईटच, ते थांबवले पाहिजे. परंतु एवढा मोठा आजार एका शब्दाने होत नाही, हे त्याला कोणीतरी स्पष्ट सांगावे लागते. न सांगितल्यास तो हे ओझे वर्षानुवर्षे वाहतो.

(इ) राग आणि रागाची लाज. जेवणाची वेळ म्हणजे भांडणाची वेळ झाली की भावंडाला राग येतोच. एका माणसामुळे सगळ्या घराची चव गेली, असे त्याला वाटते. मग आजारी बहिणीवर राग धरणारा मी किती वाईट, असेही वाटते. राग आणि माया एकाच वेळी एकाच माणसाविषयी वाटू शकतात, हे मोठ्यांनाही नेहमी उमगत नाही. लहानांना ते कसे उमगावे?

(ई) भीती. ताई मरेल काय, ही भीती बहुतेक भावंडांना असते आणि बहुतेक जण ती बोलून दाखवीत नाहीत. रात्री उठून ताईचा श्वास चालू आहे ना, हे पाहणारी लहान मुले असतात. दुसरी भीती, हा आजार मलाही होईल काय, ही. याचे खरे उत्तर असे की रुग्णाच्या सख्ख्या नातेवाइकांत धोका इतरांपेक्षा अधिक असतो. पण धोका अधिक म्हणजे आजार अटळ नव्हे. बहुतेक भावंडांना तो होत नाही. मात्र धाकट्या बहिणीनेही वजनाचा विचार सुरू केला, तर वेळीच लक्ष द्यावे.

(उ) गुप्ततेचे ओझे. "बाहेर कोणाला सांगू नकोस," असे आपल्याकडे हटकून बजावले जाते. त्यामागे मुलीच्या लग्नाची चिंता असते. सोयरीक जमवताना कोणी बोट ठेवू नये, म्हणून आजार झाकला जातो. पण त्यामुळे भावंडाला आपल्या जिवलग मित्राशीही बोलता येत नाही. मित्र घरी आलेला चालत नाही. हळूहळू ते मूल एकटे पडते.

(ऊ) अकाली मोठेपण. हा मुद्दा आपल्या भागात विशेष महत्त्वाचा आहे. वडील साखर कारखान्यात रात्रपाळीला, आई शेतमजुरीला किंवा बारामतीच्या टेक्सटाइल पार्कमध्ये कामाला, अशी आपली घरे आहेत. दुपारच्या वेळी घरात मोठे माणूस नसते. मग "ताई जेवली का बघ, डबा टाकत नाही ना बघ," हे काम आपोआप आठवी-नववीतल्या मुलाकडे येते. तो एकाच वेळी भाऊ, पहारेकरी आणि आई-वडिलांमधला निरोप्या होतो. घर त्याला "समजूतदार" म्हणून नावाजते. ही शाबासकी त्याचे बालपण संपवीत असते.

या सर्वांचा परिणाम झोप, अभ्यास आणि प्रकृती यांवर होतो. काही भावंडांना पुढे नैराश्य किंवा चिंतेचा विकार जडतो. अमेरिकेतील गायिका कॅरेन कार्पेंटर १९८३ साली वयाच्या ३२ व्या वर्षी ॲनोरेक्सियाच्या परिणामांमुळे हृदय बंद पडून वारली आणि या आजाराचे नाव जगभर झाले. ती ज्याच्यासह गात असे तो तिचा भाऊ रिचर्ड याच काळात झोपेच्या गोळ्यांच्या व्यसनात सापडला होता आणि त्याला १९७९ साली उपचार घ्यावे लागले होते. बहिणीच्या आजारामुळे भावाला व्यसन लागले, असे म्हणण्याचा आमचा हेतू नाही. एका घरात दोन मुले एकाच वेळी दोन वेगळ्या रीतींनी आजारी असू शकतात, एवढेच यातून ध्यानात घ्यावे.

दुसरी बाजूही नमूद केली पाहिजे. नीट आधार मिालेली भावंडे दुसऱ्याचे दुःख लवकर ओळखायला शिकतात आणि रुग्णाच्या बरे होण्यातही त्यांचा वाटा मोठा असतो. आई-वडिलांशी न बोलणारी ताई धाकट्या भावाशी हसून बोलते, असे पुष्कळदा घडते.

५. कोणत्या खुणांकडे लक्ष द्यावे?

लहान मूल, म्हणजे साधारण दहा वर्षांच्या आतले, बोलून दाखवीत नाही. त्याचे पोट दुखते, डोके दुखते, ते अंथरूण ओले करू लागते, शाळेत जायला रडते. अकरा ते पंधरा वयाचे मूल एकतर फार शहाणे होते किंवा एकदम भांडखोर होते. गुण घसरतात, घरी यायला उशीर करते. त्याहून मोठी भावंडे घरापासून दूर राहण्याची निमित्ते शोधतात, किंवा उलट, बाहेरगावी शिकायला जाण्याची संधी ताईसाठी सोडून देतात. कोणत्याही वयात झोप उडणे, जेवणात बदल होणे, सतत रडू येणे, "माझे काय, मी नसलो तरी चालेल" असे बोलणे, ही चिन्हे दोन आठवड्यांहून अधिक टिकली तर सल्ला घ्यावा. शेवटचे वाक्य कानावर पडले तर मात्र दोन दिवससुद्धा थांबू नये.

बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वर्षे वयाच्या मुलांपैकी सुमारे ७ टक्के मुलांना मनाचा काही ना काही आजार आढळला. त्या सर्वेक्षणातील १२ राज्यांत महाराष्ट्र नव्हता. पण आपली मुले त्यांच्याहून निराळी आहेत असे मानण्यास आधार नाही. म्हणजे साठ मुलांच्या वर्गात चार मुले. त्यांतील एखादे मूल आजारी भावंडाच्या शेजारी झोपणारे असू शकते.

६. भावंडाने ताटावर पहारा ठेवावा काय?

या प्रश्नाचे आमचे उत्तर स्पष्टपणे "नाही" असे आहे, आणि त्याला आधार आहे. लंडनच्या मॉड्सली रुग्णालयात १९८० च्या दशकात तरुण रुग्णांसाठी कुटुंबाला बरोबर घेऊन करायची उपचारपद्धती विकसित झाली. आज ती जगभर वापरली जाते. तिच्यात सुरुवातीला मुलीला जेवू घालण्याची जबाबदारी आई-वडिलांनी एकत्र मिळून घ्यायची असते. भावंडांनाही बैठकीला बोलावतात, पण त्यांचे काम वेगळे ठरवून देतात. भावंडाने जेवणाविषयी बोलायचे नाही. त्याने जेवणानंतर ताईजवळ बसायचे, पत्ते खेळायचे, गाणी ऐकायची, तिचे दुःख ऐकून घ्यायचे. जेवू घालणारे हात आई-वडिलांचे आणि सोबत भावंडाची, अशी ही वाटणी आहे.

तिचे कारण उघड आहे. भाऊ पहारेकरी झाला की ताईच्या दृष्टीने तो शत्रूच्या बाजूला जातो. मग तिला घरात आपले म्हणावे असे कोणी उरत नाही, आणि भावाला बहीण उरत नाही.

संयुक्त निकायात कोसलाचा राजा प्रसेनजित याची गोष्ट आहे. तो फार जेवत असे. बुद्धाने त्याला मात्रेने जेवण्याविषयी उपदेश केला. राजाने सुदस्सन नावाच्या तरुणाला तो उपदेश पाठ करायला सांगितला आणि आपल्या जेवणाच्या वेळी म्हणण्यासाठी त्याला रोज शंभर कार्षापण ठरवून दिले. अट्ठकथेत हा तरुण राजाचा भाचा होता असे म्हटले आहे. येथे घरातलाच मुलगा ताटाशेजारी उभा आहे. पण आठवण करून देण्याची मागणी स्वतः राजाची आहे, आणि राजा निरोगी बुद्धीने ती करतो आहे. आपल्या घरातील आजारी मुलीने अशी मागणी केलेली नसते. म्हणून ही गोष्ट सांगून भावंडाला कामाला लावणे बरोबर होणार नाही.

७. पालकांनी काय करावे?

पहिली गोष्ट, भावंडाला खरे सांगावे. वयाला समजेल अशा शब्दांत, थोडक्यात: "तुझ्या ताईला आजार झाला आहे. तो तुझ्यामुळे झालेला नाही. तिला बरे करण्याचे काम आमचे आणि डॉक्टरांचे आहे. तू शाळेत जा, खेळ, आणि तिचा भाऊ म्हणून राहा. काही वाटले तर केव्हाही विचार." मूल पुन्हा पुन्हा विचारील, पुन्हा पुन्हा सांगावे.

दुसरी गोष्ट, आठवड्यातून थोडा वेळ फक्त त्याचा असावा. पैसा लागत नाही. कालव्याच्या कडेने चक्कर मारावी, सायकलवर बाजाराला न्यावे. त्या वेळी ताईचा विषय काढू नये. त्याने काढला तर ऐकावे.

तिसरी गोष्ट, दोघांची तुलना करू नये. "बघ, धाकटी कशी जेवते" या वाक्याने दोघींचेही नुकसान होते. घरात कोणाच्याच वजनाविषयी, रंगाविषयी, अंगाविषयी चेष्टा चालू देऊ नये, पाहुण्यांनाही अडवावे.

चौथी गोष्ट, दुपारची सोय करावी. आई-वडील दोघेही कामावर असतील तर मामी, आत्या, शेजारची जाणती बाई यांपैकी एका मोठ्या माणसाला विश्वासात घ्यावे. आजार झाकण्यापेक्षा एका चांगल्या माणसाला सांगणे केव्हाही स्वस्त पडते.

पाचवी गोष्ट उपचाराची. बरेच दिवस उपाशी राहिलेल्या मुलीला घाबरून एकदम भरपूर खाऊ घालू नये. त्यामुळे शरीरातील क्षारांचे संतुलन बिघडून जिवाला धोका होऊ शकतो. जेवण कसे वाढवायचे, हे डॉक्टरांनीच ठरवावे.

८. विद्यार्थी मित्रांनो, तुमच्याशी थोडे

तुमच्या घरात असा आजार असेल, तर तो तुम्ही आणलेला नाही आणि एकट्याने तुम्ही तो घालवूही शकत नाही. तुम्हाला राग येतो, कंटाळा येतो, म्हणून तुम्ही वाईट ठरत नाही. ताई आजारी असताना तुम्ही क्रिकेट खेळलात, सहलीला गेलात, हसलात, तर ती गद्दारी होत नाही.

एका बाबतीत मात्र गप्प बसू नका. ताई किंवा दादा चक्कर येऊन पडतो, छातीत धडधड होते असे सांगतो, जेवल्यावर लपून उलट्या करतो किंवा जगण्याचा कंटाळा आल्याचे बोलतो, तर "कोणाला सांगू नको" अशी शपथ घातली असली तरी मोठ्या माणसाला ताबडतोब सांगा. ही चुगली नव्हे. जिवावर बेतणारे गुपित राखणे म्हणजे इमान राखणे नव्हे.

पोलीस भरतीसाठी पहाटे धावणाऱ्या आणि तालमीत जाणाऱ्या मुलांनीही ध्यानात ठेवावे की वजनाचा ध्यास मुलांनाही आजाराकडे नेऊ शकतो. मित्र जेवण टाळू लागला, तर त्याची थट्टा करू नका, चौकशी करा.

९. मंडळे, शाळा आणि मदतीची ठिकाणे

महाराष्ट्रात या दिशेने जे काम झाले, ते प्रामुख्याने दुसऱ्या एका आजाराबाबत झाले. मूळचे धुळ्याचे आणि कॅनडातील कॅल्गरी येथे संख्याशास्त्राचे प्राध्यापक असलेले डॉ. जगन्नाथ वाणी यांनी पत्नीच्या आजाराच्या अनुभवातून १९९७ साली पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनची स्थापना केली. रुग्णाला सांभाळणाऱ्या नातेवाइकांनी एकत्र बसून एकमेकांशी बोलावे, ही तेथील पद्धत. २००४ साली आलेल्या सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या 'देवराई' या चित्रपटात आजारी भाऊ शेष आणि त्याला सांभाळणारी बहीण सीना यांची कथा आहे. भावंडाच्या आजाराने बहिणीच्या आयुष्यावर काय ओझे येते, हे मराठी प्रेक्षकांनी त्यात पाहिले. आजार वेगळा असला तरी घरातील माणसांची गरज तीच असते. खाण्याच्या विकारांसाठी पालकांचे आणि भावंडांचे असेच गट आपल्या तालुक्यांत उभे राहू शकतात. सुरुवातीला तीन घरे पुरेत.

आपल्या विहारांतील महिला मंडळांनी आणि अभ्यासिकांनी वर्षातून एकदा तरी या विषयावर जाणकार डॉक्टरांचे व्याख्यान ठेवावे. वर्गशिक्षकांना पालकांनी घरची परिस्थिती खाजगीत सांगावी. परीक्षेच्या दिवसांत शिक्षकाचा एक समजुतीचा शब्द मुलाला तारून नेतो.

उपचारासाठी बारामतीला २०१९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे. पुढील उपचारासाठी पुण्याचे ससून रुग्णालय आहे. राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम २०१४ साली सुरू झाला. किशोरवयीन मुलामुलींच्या सल्ल्यासाठी सरकारी रुग्णालयांत 'मैत्री' केंद्रे चालतात; जवळच्या केंद्राची चौकशी आशाताईंकडे करावी. घरबसल्या बोलायचे असल्यास ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेली सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे. ती विनामूल्य असून मराठीत बोलता येते. हा क्रमांक रुग्णासाठी आहे, तसाच भावंडासाठीही आहे. संकटातील मुलांसाठी १०९८ हा क्रमांक आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने सरकारी खर्चाने चालणाऱ्या सेवेत मानसिक उपचार मिळणे हा प्रत्येकाचा हक्क मानला आहे. तो मागताना संकोच करू नये.

समारोप

सारांश, खाण्याचा विकार हा एका मुलीचा आजार असला तरी त्याची झळ सगळ्या घराला लागते, आणि सर्वांत गुपचूप लागते ती भावंडाला. त्याला खरे सांगणे, त्याच्या माथ्यावरचा पहारा काढून घेणे, त्याचा वेळ त्याला देणे आणि त्याच्याही दुःखाला दवाखान्याची वाट मोकळी ठेवणे, या चार गोष्टी कोणत्याही घराला जमण्यासारख्या आहेत. यांना पैसा फारसा लागत नाही, लक्ष लागते. हा लेख वाचून संपल्यावर सभासद बंधू-भगिनींनी आपल्या ओळखीच्या एखाद्या आजारी मुलाच्या घरी जावे, आणि रुग्णाची विचारपूस झाल्यावर दाराआड उभ्या असलेल्या दुसऱ्या मुलालाही "तू कसा आहेस?" असे विचारावे, ही नम्र विनंती.

चर्चेसाठी प्रश्न

१. "त्रास न देणारे मूल" याच्याकडे घराचे दुर्लक्ष का होते? आपल्या परिसरातील घरांच्या कामाच्या वेळा ध्यानात घेऊन उत्तर द्या.
२. मिनेसोटा येथील प्रयोगातून भावंडांना कोणता दिलासा मिळतो?
३. भावंडाने सोबत करणे आणि पहारा ठेवणे यांत काय फरक आहे?
४. कोणते गुपित राखावे आणि कोणते सांगून टाकावे? दोन्हींची उदाहरणे द्या.
५. आपल्या मंडळाला या विषयात येत्या वर्षभरात कोणते एक काम हाती घेता येईल?